चिकटपट्टीचे दोन वेढे

अक्का, तीस वर्षं चाललेलं आपलं भांडण काल मी एकटीनेच मिटवलं. तू जाऊन आज वीस दिवस झाले. खरं तर तुझ्याशिवाय ते मिटवायचं माझ्या मनात नव्हतं, पण रेडिओवाल्यांना उत्तर हवं होतं आणि तू काही द्यायला येणार नव्हतीस. तेव्हा मीच सांगून टाकलं. काय सांगितलं ते तुला कळायला हवं, म्हणून हे लिहायला बसले आहे. रागावायचं असेल तर रागाव. मला सवय आहे.

आत्ता दुपारचे अडीच वाजून गेलेत. पुढच्या अंगणातल्या होंगेच्या झाडाची सावली खिडकीतून आत येऊन तुझ्या खुर्चीपर्यंत पोचली आहे. ती रोज याच वेळेला तिथे येते आणि तू पाय उचलून स्टुलावर ठेवायचीस, जणू पाणी आलंय. मी दहीभात जेवून, भांडी विसळून, व्हायोलिन घेऊन भिंतीला टेकायचे. स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ. बाहेर नारळवाल्याची सायकल. मग तुझाच आवाज यायचा, घरातला नव्हे, रेडिओवरचा, जरा रुंद आणि इस्त्री केलेला: "मध्याह्नद नेरळु." दुपारची सावली. तू खुर्चीत बसून स्वतःचाच आवाज परक्या बाईचा असावा तसा ऐकायचीस आणि मला म्हणायचीस, "ही बाई बरं बोलते, अल्वा?" म्हणजे, नाही का?

त्यानंतर त्या अम्मांचं गाणं लागायचं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आपण घरात कधी घेतलं नाही, 'त्या अम्मा'च म्हणत आलो. सगळ्या म्हैसूरला त्या ठाऊक होत्या. सिनेमातली गाणी, देवाची गाणी, लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर पहाटेपासून त्याच. पण तरुणपणी, सिनेमात नाव व्हायच्या आधी, बेंगळूरच्या एका हॉटेलात त्या चार वादकांबरोबर जॅझ गायच्या, हे कोणाला माहीत नव्हतं. पियानो, क्लॅरिनेट, माणसाएवढं उभं व्हायोलिन ज्याला डबल बेस म्हणतात, आणि ड्रम. तेही काठ्यांनी नाही, तारेच्या कुंच्यांनी वाजवलेले, सुपात तांदूळ घोळावेत तसे. हॉटेलचा हॉल सकाळी रिकामा असायचा तेव्हा या पाच जणांनी हौसेने नऊ गाणी टेपवर घेतली. काही इंग्रजी, काही कन्नड. पुढे सिनेमा आला, चौघे चार दिशांना गेले आणि ती टेप अम्मांच्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात राहिली.

तू त्यांची मुलाखत घ्यायला गेलीस आणि डबा घेऊनच आलीस. रिक्षातून उतरताना तुझं तोंड मला अजून दिसतं. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात त्यांचं जुनं टेपचं मशीन, सुटकेसएवढं. "इंदू, दार धर कणे, हात तुटतोय!" ओरडत आलीस. त्या टेपला त्यांचंच मशीन लागायचं, रेडिओ केंद्रातल्या मशीनवर ती नीट वाजत नव्हती. आणि त्या मशीनचा पट्टा तुटलेला. अम्मांनी अट घातली होती ती तू मला दारातच सांगितलीस: "बेल्ट बिट्टु बेरे एनू मुट्टबेडि." पट्टा सोडून दुसऱ्या कशालाही हात लावू नका. त्यांच्या यजमानांनी घेऊन दिलेलं मशीन होतं ते.

तू मार्केटात जाऊन पट्टा आणलास. तो सैल निघाला. चाकावरून घसरायचा आणि अम्मा मधेच आळसावल्यासारख्या गायच्या, मग थांबायच्या. केंद्रातून मागून आणलेलं रेकॉर्डिंगचं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यायचं होतं, दुकान बंद झालेलं, आणि तू डोक्याला हात लावून बसलेली. "आता काय करू ग? त्यांना काय सांगू?" असं दहा वेळा म्हणून झाल्यावर तू आंघोळीला गेलीस. काही सुचेनासं झालं की तू आंघोळीला जायचीस. बिकट प्रश्नांवर आपल्या घरात फार पाणी खर्च झालं आहे.

ती आंघोळ पंधरा मिनिटांची होती, अक्का. तेवढ्यात मी मशीन उघडलं, औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी घेतली आणि पट्ट्याखालच्या चाकावर तिचे दोन वेढे दिले. घट्ट, सरळ, सुरकुती न पडू देता. व्हायोलिनच्या धनुष्याची मूठ मी तशीच गुंडाळते. चाक जाड झालं, पट्टा ताणला गेला, घसरायचा थांबला. तू केस पुसत बाहेर आलीस तेव्हा अम्मा गात होत्या.

"कसं केलंस ग?"

"काही नाही. जरा दाबून बसवला."

हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही सांगितलं कारण तू अम्मांना शब्द देऊन आली होतीस आणि मी तो पंधरा मिनिटांत मोडला होता. नंतर का नाही सांगितलं, ते जास्त लाजिरवाणं आहे.

टेप उतरवून घेतली, अम्मांचं मशीन त्यांच्याकडे परत गेलं, चिकटपट्टी चाकावर तशीच. काढायची राहिली म्हणण्यात अर्थ नाही, मला आठवलीच नाही. पुढच्या मंगळवारी अडीच वाजता पहिलं गाणं लागलं. मी साथ धरायला म्हणून व्हायोलिन घेतलं तर सूर मिळेना. पेटी काढली. काळी एक दाबली, अम्मा तिच्या वर. पांढरी दोन दाबली, त्या तिच्या खाली. दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधे कुठेतरी त्या तरंगत होत्या, जिथे पेटीवर बोट ठेवायला जागाच नाही. मी मनात म्हटलं, हॉटेलवाल्यांचा पियानो बेसूर असणार. मग एकदम माझ्या हातांना आठवलं. चाक जाड केलं की ते फिरतं हळू. चार लोकांचं संगीत आणि एका बाईचं तारुण्य मी चिकटपट्टीने अर्ध्या पावलाने मागे ओढलं होतं.

त्या संध्याकाळी तुझे केंद्रातले दोन सहकारी कॉफीला आले होते. मी राहवेना म्हणून बोलून गेले, "ती टेप हळू चालते आहे. सूर खाली आलाय." झालं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढासा फरक ओळखला म्हणजे काय कान! एकाने तर उठून नमस्कार केला. मी कबूल करायला तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं, पण त्या नमस्कारापुढे ते मिटलं. तू विचारलंस, "का बरं हळू?" आणि मी म्हटलं, "मला काय माहीत? तुमच्या केंद्राची मशीनं तुम्हाला माहीत." सगळे हसले. त्यानंतर मी तिखट कानांची इंदू झाले. शिकवणीला येणाऱ्या मुलींच्या आया एकमेकींना हे सांगायच्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मनातून फुगायचे.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण दोन दिवसांनी अम्मांचा फोन आला. फोन तू घेतलास, मी शेजारी उभी होते आणि त्यांचा आवाज इतका खणखणीत होता की मलाही ऐकू येत होता. आधी त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "नानु इष्टु निधान हाडिद्ना?" मी इतकं संथ गायले होते? तू म्हणालीस, "अम्मा, टेपवर तसंच आहे." खोटं नव्हतं ते, तुझ्यापुरतं. त्या हसल्या. "चेन्नागिदे, बिडि." छान आहे, राहू द्या.

त्यावरच तू कायमची उभी राहिलीस. "खुद्द त्या म्हणाल्या राहू द्या, तू कोण ग?" आणि मी म्हणायचे, त्यांना आता आठवत नसेल. हे म्हणताना मी चुकूनही तुझ्याकडे बघायचे नाही. एका म्हाताऱ्या गायिकेला माझ्यामुळे स्वतःच्या आठवणीबद्दल शंका आली. आणि ती शंका घेऊनच त्या गेल्या, पुढच्या उन्हाळ्यात. मूळ टेपला बुरशी धरली होती म्हणून मुलाने ती फेकली, आणि मशीन आठवण म्हणून तुला आणून दिलं. तू ते धुतलेल्या चादरीत गुंडाळून तुझ्या कपाटावर ठेवलंस. मी त्या चादरीकडे मान वर करून बघायचं टाळत आले.

मग आपण भांडत राहिलो. किती प्रकारे भांडलो! मी म्हणायचे, केंद्रात सांग, वेग वाढवून नवी टेप करा. तू म्हणायचीस, लोकांनी ऐकलंय ते हेच. हुणसूरहून तंबाखूची पानं निवडणाऱ्या एका बाईचं पत्र आलं होतं तुला, की तुमचं अडीचचं गाणं लागलं की आमचे हात मंदावतात आणि मुकादम ओरडतो, तरी गाणं बंद करू नका. कृष्णराजनगरच्या गिरणीतल्या कारकुनाचं आलं होतं, की हे गाणं ऐकताना मला नदी दुपारी दिसते तशी दिसते. तू ती पत्रं माझ्यापुढे आपटायचीस. "जा, हुणसूरच्या बशीत बस आणि त्या बाईला सांग, तुमची दुपार चुकीची आहे करून!" मी म्हणायचे, चूक ती चूक. तू म्हणायचीस, "सुम्ने इरे, मारायती. गप्प बस, बाई. सगळ्याच चुका काय दुरुस्त करायच्या असतात?"

एकदा तर तू कहर केलास. चालू कार्यक्रमात, सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं म्हणालीस की माझी धाकटी बहीण व्हायोलिन शिकवते, तिचे कान फार तिखट आहेत, ती म्हणते हे गाणं खाली उतरलंय. आणि जरा थांबून पुढे म्हणालीस, "तिचे हात तर कानांहून तिखट." मी इथे भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलं, माझ्या वादनाचं कौतुक करते आहे. त्या आठवड्यात मी तुला दोनदा रव्याची इडली करून घातली.

पण तुला एक माहीत आहे का? मी एवढी भांडायचे आणि दर मंगळवारी अडीचला व्हायोलिनच्या चारही तारा उतरवायचे, त्या मधल्या, जागा नसलेल्या सुरापर्यंत. तिथे मग सगळं मऊ व्हायचं. क्लॅरिनेट एक वाक्य बोलायचा आणि पुढचं विसरल्यासारखा थांबायचा. डबल बेस जिना उतरणाऱ्या जाड माणसासारखा एकेक पायरी बघून उतरायचा. अम्मा शब्द सोडायच्या ते खाली पडायचेच नाहीत, सावलीत तरंगत राहायचे. मी धनुष्य जेमतेम टेकवायचे. तू डोळे मिटून असायचीस. त्या पाच-सहा मिनिटांत आपण किती वर्षांच्या आहोत, लग्नं का झाली नाहीत, आपले पूर्वज घोड्यावर बसून म्हैसूरच्या फौजेत आले आणि आपल्या दोघींना साधी स्कूटरही जमली नाही, यातलं काही काही नसायचं. गाणं संपलं की मी तारा वर चढवायचे आणि लगेच म्हणायचे, "हळू आहे." तू म्हणायचीस, "आहेच मुळी." असं तीस वर्षं. तू निवृत्त झालीस, कार्यक्रमाचे जुने भाग परत लागायला लागले, तरी आपलं चालूच.

आणि मग तुझी वाचा गेली. ज्या बाईच्या आवाजावर अर्ध्या जिल्ह्याने दुपारची झोप घेतली तिला कॉफी मागता येईना. डॉक्टर म्हणाले घरी न्या. अकरा दिवस तू या खोलीत होतीस. मी बडबड करायचे, तू बघायचीस. सातव्या की आठव्या दिवशी, अडीचला, मी मोबाईलवर ते गाणं लावलं आणि सवयीने म्हटलं, "हळू आहे हं अक्का." तू उजवा हात उचललास, तर्जनी वर केलीस आणि हवेत गोल फिरवलीस. एकदा. परत एकदा. दोन वेळा, सावकाश, माझ्याकडे बघत. मी उठले आणि पंखा दोनवर केला.

तू डोळे मिटलेस आणि तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं ठसका लागला. मी पाणी घेऊन धावले.

तुझं तेरावं झालं, पाहुणे गेले आणि चार दिवसांनी केंद्रातून नागरत्ना मॅडमचा फोन आला. तुझ्याच वेळच्या, आता त्याही निवृत्तीला आल्या आहेत. म्हणाल्या, शुक्रवारी अडीचला अक्कांच्या आठवणीचा कार्यक्रम करतोय, अम्मांचं गाणं अर्थातच घेणार. आता सगळं कंप्युटरवर आहे, तुम्ही इतकी वर्षं म्हणत होतात तर एक बटण दाबून वेग बरोबर करता येतो. फक्त किती, ते तुमच्या कानांनी सांगा. आणि करायचा की नाही तेही तुम्हीच ठरवा, अक्कांच्या मागे तुम्हीच. मी म्हटलं, कळवते.

फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा मनापासून वाटलं की तू असायला हवी होतीस, निदान 'नाही' म्हणायला. तुझं 'नाही' होतं म्हणून मला 'हो' म्हणणं परवडत होतं. आता नुसत्या माझ्या शब्दावर ते होणार होतं, आणि माझा शब्द कसा होता ते मलाच ठाऊक होतं.

मी स्टूल घेतलं आणि कपाटावरून मशीन काढलं. वाटलं, आधी ती चिकटपट्टी काढून टाकावी, मग काय ते ठरवावं. अजूनही लपवायचंच मनात होतं बघ. चादर सोडली, झाकण उघडलं. चाक स्वच्छ होतं. चिकटपट्टी नव्हती.

ती झाकणाच्या आतल्या बाजूला होती. सरळ करून, नीट दाबून चिकटवलेली, पिवळी पडलेली. तिच्याखाली तुझं अक्षर, मराठी पण कन्नड लिपीत, जशी तू वाण्याची यादी लिहायचीस. 'इंदूचे दोन वेढे. असू देत.'

मी स्टुलावर बसले ती किती वेळ बसले कोण जाणे. सावली खुर्चीवरून भिंतीवर गेली. शाई फिकट झाली होती, म्हणजे मशीन घरी आलं तेव्हाच कधीतरी लिहिलेलं. म्हणजे जवळजवळ पहिल्यापासून तुला माहीत होतं. मी कानांचा तोरा मिरवत होते आणि तुला हातांचं माहीत होतं. तू चारचौघांत माझ्या कानांचं कौतुक केलंस, रेडिओवर केलंस, एकदाही मला उघडं पाडलं नाहीस. आणि शेवटी वाचा गेल्यावर बोटाने सांगितलंस, तर मी पंखा लावला. अय्यो अक्का! तो ठसका नव्हताच. तू हसत होतीस.

मला राग आला, खरं सांगते. रडू नंतर आलं, आधी राग. तीस वर्षं मी छातीवर ओझं घेऊन फिरले आणि तुला एका वाक्यात ते उतरवता आलं असतं. मग वाटलं, मलाही आलं असतं. आपल्या दोघींनाही फार बोलायची सवय, आणि हे एक तेवढं राहिलं.

बुधवारी केंद्रात गेले. नागरत्ना मॅडमनी खुर्ची दिली, कॉफी दिली, मोठे हेडफोन कानांवर चढवले. मी बरोबर सुरपेटी नेली होती. त्यांनी वेग थोडा थोडा वाढवला आणि मी बोट वर करून थांबवलं, पांढरी दोन मिळाली तिथे. मग त्यांनी पहिल्यापासून लावलं. माझ्या लक्षात नव्हतं की त्या टेपवर गाण्याआधी तुझी ओळख आहे. तू स्टुडिओत वेगळी बोललेली, तुझा वेग मुळात बरोबर होता, तो आता गाण्याबरोबर वर गेला. "मध्याह्नद नेरळु," असं कोणीतरी म्हणालं, आणि ते तू नव्हतीस. म्हणजे होतीस, पण ती, जी परकर सावरत मला गल्लीतून जेवायला हाक मारायची. जरा घाईत, जरा वरच्या आवाजात, आता आली नाहीस तर आईला सांगते म्हणणारी. मी हेडफोन काढून ठेवले. नागरत्ना मॅडमनी पाणी पुढे केलं.

मग गाणं ऐकलं. अक्का, अम्मा किती लहान होत्या! बावीस-तेवीसची पोर. आळस नाही, सावली नाही, सकाळचा रिकामा हॉल आणि पाच जणांना एकमेकांच्या खोड्या काढायची घाई. क्लॅरिनेट काही विसरत नव्हता, तो मुद्दाम थांबून अम्मांना हसवत होता. मी ज्याच्यासाठी तीस वर्षं भांडले ते मी तोवर एकदाही ऐकलं नव्हतं. फार चांगलं होतं. आणि मला ते अजिबात ओळखीचं वाटलं नाही.

"यावुदु हाक्ली, मेडम?" नागरत्ना मॅडमनी विचारलं. कुठलं लावू?

मी तुझ्या 'असू देत'चा विचार केला. अगदी ओठांपर्यंत आलं होतं, जुनंच लावा. तुझ्यासाठी असतं तर तेच म्हटलं असतं. पण मला तो फोन आठवला, आणि फोनवरची ती शांतता. इतकं संथ गायले होते मी? त्या बाईंनी एक साधा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर या जगात एकट्या माझ्याकडे होतं. तू मला माफ केलंस, तो तुझा मोठेपणा. पण अम्मांच्या वतीने माफ करायचा अधिकार तुलाही नव्हता, अक्का. यावर आपण भांडू शकतो.

मी म्हटलं, बरोबर वेगाचं लावा. अक्कांचा आवाज होता तसा राहू द्या. आणि गाण्याआधी दोन मिनिटं मला द्या.

काल अडीच वाजता मी म्हैसूर जिल्ह्याला सांगितलं. तुझ्यासारखं इस्त्री केलेलं नाही जमलं, कन्नड अडखळलं, मधे एक मराठी शब्दही गेला. पण सांगितलं. तू आंघोळीला गेली होतीस, मी चिकटपट्टी लावली, माझे कान तिखट नाहीत, मला आधीच माहीत होतं. आणि शेवटी म्हटलं, "अम्मा, नाही. तुम्ही इतकं संथ गायला नव्हता." मग नागरत्ना मॅडमनी काचेपलीकडून हात केला आणि गाणं सुरू झालं.

आता तुझा आनंदाचा भाग. कार्यक्रम संपला आणि केंद्रात फोन आले. एक हुणसूरहून होता, एका वयस्क बाईंचा. तीच पत्रवाली की दुसरी कोणी, विचारायचं राहिलं. म्हणाल्या, अक्कांच्या बहिणीने खरं सांगितलं ते चांगलं केलं, पण अक्का गेल्या म्हणून तुम्ही गाणं इतक्या घाईत का उरकलंत? आमचं आम्हाला परत लावा. नागरत्ना मॅडम हे सांगताना हसत होत्या. मी पण हसले. तिथे तू जिंकलीस, घे. पुढच्या मंगळवारपासून जुनं लावणार आहेत, कसं झालं ते सांगून.

आज मी अडीचला व्हायोलिन काढलं. गाणं लागणार नव्हतं, आज शनिवार. तुझ्या शेवटच्या दिवसांत तारा उतरवल्या होत्या त्या तशाच राहिल्या होत्या. सोमवारी मुली शिकवणीला येतील, त्यांना बेसूर वाद्य कसं दाखवू? एकेक खुंटी वर चढवली. पहिली लागली, दुसरी लागली, तिसरी लागली. चौथीला हात घातला आणि सावली तुझ्या खुर्चीपाशी आली.

ती तार उतरलेलीच ठेवली आहे, अक्का. पंखा दोनवर आहे. ती तार आता मंगळवारच्या त्या गाण्याशिवाय कशालाच लागत नाही, आणि सोमवारी मुलींना मी काय सांगणार ते मला अजून सुचलेलं नाही. असू दे.